दुसरा होकार

३ मार्च, सोमवार, जालना

आन् अक्षी म्हणते मी कुठं टिकत न्हाई! पुण्यात मुकादम हरामी निघाला, हैदराबादला मालकानं पगार दाबला, त्यात माझी काय चूक? तिचं एकच, दादा तुझ्या पायाला भिंगरी हाय. घे म्हणावं आता. उदगीरहून दिवसभर एसटीत बसून आलो आन् काम काय, तर एसीत! एमआयडीसीतली बियाण्याची कंपनी. बाहेर ऊन मरणाचं, आत स्वेटर घालावा वाटतो. राहायला खोली, सोबतीला परतूरचा सूरज. पोरगं दिलदार, फक्त घोरतं.

वही अक्षीनंच दिली. रोज लिही म्हणली, म्हंजे पळून यायच्या आधी इचार करशील. माझी धाकटी बहीण ही, नर्सिंगला लातूरला. फीचा दुसरा हप्ता २८ तारखेच्या आत भरायचाय. न्हाईतर नाव काढतेत. या टायमाला मी पळणार न्हाई.

५ मार्च

काम समजलं. कंपनीतल्या सगळ्या इमेल, सगळ्या फायली एक सॉफ्टवेअर धरून ठेवतं. कुणी आपल्या कंप्युटरवरून काही उडवलं तरी इथं त्याची प्रत राहतीच. पण इथून उडवलं की मंग कुठंच राहत न्हाई. म्हणून उडवायला दोन माणसांचा होकार लागतो. पयला आमच्या सोमेश्वर साहेबांचा, दुसरा माझा. साहेब चिठ्ठीवर इंग्रजीत एक नाव लिहून देतेत. पडद्यावर तेच नाव दिसलं की बटन दाबायचं.

मी खरं सांगून टाकलं. साहेब, पाचवीत शाळा सुटली, एबीसीडी ओळखतो, पण जुळवून वाचता येत न्हाई. साहेब हसले. म्हणले, म्हणून तर तुला घेतलं. आधीचे वाचत बसायचे.

चिठ्ठीवरचं नाव मी वहीत काढून ठेवतो, चित्रासारखं. तेवढंच शिकणं.

११ मार्च

चहावाली उषाबाई तोंडानं लई खराब. आज म्हणली, बटन दाबायचा पगार घेतोस, माझ्या लेकानं बारावी करून पोती उचलायची काय? तिच्या पगारातून फंडाचे म्हणून कापलेले पैसे कंपनीनं भरलेच न्हाईत. लेकानं तीनदा इमेल केली म्हणे. मी म्हणलं, मावशी, साखर टाका आधी. म्हणली, तुझ्या जिभेवर टाकते.

दुपारी एकच चिठ्ठी. लांबलचक नाव होतं. दाबलं.

१२ मार्च

चहा आला न्हाई. सूरजला इचारलं तर म्हणतो, कोण उषाबाई? इथं तर मशीनचाच चहा असतो गड्या.

मशीन बघितलं. नवं असतं तर समजलो असतो. जुनं हाय. चहाचे वाळलेले डाग, खाली फरशीत गंजाची खूण.

कालचं तिचं बोलणं वहीत हाय. माझंच अक्षर.

१९ मार्च

सूरजचं साहेबांशी वाजलं, जादा कामाच्या पैशावरून. हेड ऑफिसला इमेल टाकतो म्हणला. तासाभरात चिठ्ठी आली.

मी दाबलं न्हाई. जेवायला गेलो. सूरजच्या गळ्यात ओळखपत्र असतं, त्याच्यावरचं नाव आन् वहीतलं नाव लावून बघितलं. अक्षर न् अक्षर तेच. त्यानं डब्यातलं लोणचं मला वाढलं. म्हणला, गड्या, तोंड का पडलं तुझं? घरची याद येऊन राह्यली का?

साहेब म्हणले, जमत नसंल तर आजच हिशोब करून जा.

२८ तारीख जवळ आली.

हात धुतले. दाबलं.

२० मार्च

खोलीत एकच खाट. फरशीवर दुसऱ्या खाटेचा ओरखडा पण न्हाई.

रडू येईल वाटलं होतं. पाय लांब करून झोपलो.

२४ मार्च

अक्षीला फोनवर सगळं सांगितलं. म्हणली, दादा, नाव बघून दाबलंस? माहीत असून? माझ्या फीचं नाव घेऊ नको, मला नको असली फी. आजच निघ म्हणली. आन् ती कंपनीला इमेल टाकणार, उषाबाई कुठंय, सूरज कुठंय, नावानिशी. मी म्हणलं, चार दिवस थांब, पगार होऊ दे. तिनं फोन आपटला.

२५ मार्च

चिठ्ठी. साहेब आज माझ्या मागंच उभे. वाटलं, माझंच नाव असंल. माझं नाव पी नं सुरू होतं, तेवढं पक्कं ठाऊक.

पयलं अक्षर बघितलं. पी न्हाई. ए.

सुटलो! लगेच दाबलं.

२६ मार्च

कालचं नाव वहीत काढायचं राह्यलं होतं. चिठ्ठी खिशातच होती. काढलं. तीन शब्द.

सहज पासबुक शेजारी ठेवलं. पयला शब्द येगळा. मागचे दोन — बापाचं नाव — आडनाव — माझेच.

अक्षीचा फोन लागत न्हाई.

आईला लावला. अक्षता कुठंय इचारलं. आई म्हणली, कोण रे अक्षता? चोरून लगीन जमवलंस काय? लई खूष झाली. म्हणली, जातीपातीचं काही न्हाई, घेऊन ये, मला तुझ्या एकट्याशिवाय हायेच कोण. हसून राह्यली — हसतच —

वसतिगृहात लावला. असं कुणी —

२७ मार्च

साहेबांनी इचारलं, घरी सगळं बराबर ना? पगार आधीच टाकला म्हणले. आपण कोणाचं ठेवत न्हाई.

शेजारच्या खुर्चीवर नवी बाई बसलीय. वाचता येतं का इचारलं. लाजली.

टेबलावर चिठ्ठी. माझ्यासाठी न्हाई, तिच्यासाठी. पी —

पळून कुठं —

मोबाइल काढला. अक्षीच्या खात्यावर फी टाकून राह्यलो. पैसे गेले तर ती हाय. खातेदाराचं नाव अजून येऊन न्हाई राह्यलं, नुसतं गोल फिरतंय — बाईनं बोट उचललं — रक्कम टाकली — अठरा हजार पाच