निघोजेच्या शेडमधला दोर

मी, मंजुळाबाई किसन फडतरे, वय ६८, धंदा लेथकाम (अजून चालू), राहणार निघोजे, तालुका खेड, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाविना, स्वखुशीने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. खालील सर्व मिळकत माझी स्वकष्टार्जित आहे.

१. राहते घर व बँकेतील ठेव मुलगा निरंजन याला मिळावी. तो गुणी आहे, फक्त माझी लेथकामाची शेड गोदामाला भाड्याने द्यायची त्याला फार घाई. शेडचे पुढे येतेच.

२. मोठी लेथ व सर्व हत्यारे कै. अजीज मिस्त्री यांचा नातू तौसिफ याच्या देहूरोडच्या गॅरेजवर पोहोचती करावीत. माझे वडील पिंपरीत एका वर्कशॉपवर वॉचमन होते. अकरा वर्षांची मी त्यांचा डबा घेऊन जायची आणि ग्राइंडरपाशी रेंगाळायची. नरम पोलादाची ठिणगी लांब, सरळ जाते. कडक पोलादाची फुलबाजीसारखी फुटते. एकदा मी नुसत्या ठिणग्या बघून म्हणाले, "चाचा, ह्यो तुकडा दुसऱ्या ढिगातला हाय." खरेच गफलत झाली होती. तिथले मिस्त्री अजीज चाचा माझ्या वडिलांना म्हणाले, "वॉचमनसाहेब, पोरीला डोळा आहे. हिला लवकर उजवून टाकलंत, तर गाठ माझ्याशी आहे!" त्यांनी मला आधी ठिणग्यांपासून डोळे जपायचा चष्मा दिला, मग कानस, मग लेथ. मी जन्मभर रोज सकाळी हौसेने उठले, ते त्या माणसामुळे.

३. थोरले दीर रंगराव यांना मी लेथवर कातलेला पितळी तांब्या द्यावा. "बाईनं कातलेल्या भांड्यात पाणी ठरायचं न्हाई," असे ते चार माणसांत म्हणाले होते. तांब्या भरूनच द्यावा.

४. शेड निरंजनची मुलगी, माझी नात स्वरूपा हिला द्यावी. इथे माझी चूक लेखी कबूल करते. लेथ हीच चालवणार असे मी परस्पर ठरवून टाकले होते. दर वाढदिवसाला तिला एकेक हत्यार द्यायची आणि पोर मुकाट्याने घ्यायची. गेल्या वर्षी एका शुक्रवारी शेडच्या गर्डरला सुती दोर लोंबताना दिसला. कोणा हमालाचा असेल म्हणून मी तो कापला आणि सळ्यांचे गठ्ठे बांधले. दोर स्वरूपाचा होता. गुरुवारी, शेडच्या सुट्टीच्या दिवशी, ती त्यावर गुपचूप मल्लखांब करायची. पोर दोन दिवस नीट जेवली नाही. आजीच्या हौसेपुढे तिची जीभ उचलली नाही.

तिच्या शाळेतल्या खेळाच्या विजयश्री मॅडम तिसऱ्या दिवशी दारात आल्या.

"आजी, तुम्ही हिला दोरावर बघितलंय का कधी?"

"न्हाई."

"मग चला."

शाळेतल्या दोरावर बघितले. पोर सरसर वर गेली, पायाच्या अंगठ्यात दोर धरून आडवी झाली, आणि माझ्या तोंडून चक्क शिट्टी निघाली. अजीज चाचांना परक्याच्या पोरीत दिसले, ते मला घरच्या पोरीत दिसले नव्हते. मॅडमना दिसले. त्यांचे उपकार मी मानते आणि ते निरंजननेही मानावेत.

५. म्हणून शेड विकू नये, भाड्याने देऊ नये. स्वरूपा सज्ञान होईपर्यंत चावी विजयश्री मॅडमकडे राहावी आणि गावातल्या ज्या पोरींना चढायचे असेल त्यांना त्यांनी तिथे शिकवावे. गाद्या आणि नवा दोर मी आणून ठेवला आहे.

६. उद्या स्वरूपाने मल्लखांब सोडून दुसरे काही धरले, तरी शेड तिचीच. "आजीला काय वाटलं असतं," असे तिला कोणीही म्हणू नये. आजीला छानच वाटले असते.

७. मी गेल्याच्या दुसऱ्या दिवशीही सराव बंद ठेवू नये. सुतकाचे मी वर गेल्यावर बघून घेईन.

अंमलबजावणी ॲड. बुद्धरत्न गायकवाड यांनी करावी.

सही: मंजुळाबाई किसन फडतरे

साक्षीदार: जयदीप येळवंडे, शेजारचा गाळा; रुक्साना मुलाणी, किराणा दुकान. बाईंनी आम्हा दोघांसमक्ष सही केली. पहिली वाकडी आली म्हणून पुन्हा केली.

ठिकाण: निघोजे. खंडेनवमी, दि. १ ऑक्टोबर २०२५.