पाचवा फर्मा

१२ जाने. ४३
सकाळपासून अंग मोडून आलंय. त्यात तिसगावहून नारायण मास्तरचं कार्ड: 'पाचवा फर्मा छापू नका. धाकट्या बहिणीचं प्रकरण काढून टाका.' वा रे पठ्ठ्या! त्याच्या आठवणींचे चार फर्मे, चौसष्ट पानं, छापून बसलो आणि आता हे. दुष्काळात आईने धाकटी लेक राहुरीच्या निपुत्रिक बाईला देऊन टाकली, ते प्रकरण. पुस्तकात जीव आहे तो तेवढ्यातच.

१४ जाने.
कारण कळलं. ना. प्रुफं मोठ्याने वाचून तपासतो. भाकरी थापता थापता आईने सगळं ऐकलं. दोन दिवस जेवली नाही, बोलली नाही. मोठ्याने वाचायची खोड त्याला मीच लावली. भोग आता.

१८ जाने.
पाचवा फर्मा सुतळीने बांधून पडलाय. शिशाचे खिळे, अक्षरं सगळी, त्यात अडकलेली, दुसरं पुस्तक जुळवायचं कशाने? आमचा जुळारी बापू रोज विचारतो, "अण्णा, फर्मा सोडू का, खिळे सुटे करू?" आज ओरडलो त्याच्यावर. उगाच. वीट आलाय या धंद्याचा. लेखक सांभाळायचे की त्यांच्या आया? पण ते प्रकरण मोडायला हात धजत नाही.

२१ जाने.
दुपारी छापखान्याच्या दारात एक म्हातारी. "म्या नारायनची आय." मला घामच फुटला.
"वाचा," म्हणाली. पाचवा फर्मा वाचून दाखवला. शेवटची ओळ, लेक गेली तेव्हा आई धाय मोकलून रडली. तिने फर्म्यावर बोट ठेवलं. शाई लागली, ती पदराला पुसली.
"समदं खरं हाय. येवढं खोटं. म्या रडले न्हाई. रडले अस्ते तर पोरीनं पदर सोडला नस्ता."
मी विचारलं, "मग छापू का, मावशी?"
"नारूला इचारा." पाणीसुद्धा न घेता गेली.

२४ जाने.
ना. आला. सगळं सांगितलं. फर्म्यापुढे खाली मान घालून बसला. मग म्हणाला, "अण्णा, रडणं मी ऐकलंय. सात वर्षांचा होतो, दाराआड उभा. मग ते कुणाचं?"
चहा निवून गेला. बापू खिळे उपसायचा चिमटा घेऊन उभा आहे. नुसती ती ओळ काढायची की सगळाच फर्मा सोडायचा, ते आता ना.नेच ठरवायचं.