द्राक्षाचा लेथ

प्रिय अण्णा,

आज दुपारी तुमचा इतका राग आला की समोर असता तर कडाकडा भांडले असते. भांडायला तुम्ही नाही, म्हणून हे पत्र. सातपूरच्या आपल्या वर्कशॉपमध्ये बसूनच लिहितेय.

पुण्याच्या कंपनीचे साहेब आज चाचणीला आले होते. पास झालो असतो तर वर्षभराचं काम! तुम्ही गेल्यापासून अशा कामासाठी मी किती उंबरे झिजवले, माहितीये? अट एकच होती. चाचणी संपेपर्यंत लोखंड कातणारे आपले चारही लेथ त्यांच्याच कामाला.

आणि तुमची ती खोड! द्राक्षाचा हंगाम लागला की एक लेथ रिकामा ठेवायचा. द्राक्षं भरणाऱ्या कुठल्या पॅकहाउसचं मशीन अडलं तर लगेच हाताशी हवा म्हणून. "शेत आणि लेथ यांच्यात तासाभराचा रस्ता, मंजू. नाशिकची खरी ताकद ही!" सकाळी ओझरच्या विमान कारखान्याचे बुश, दुपारी विंचूरच्या कांदा-चाळणीचा रोलर, असं सगळं तुम्ही कौतुकानं सांगायचात. पण रिकामा लेथ बघून ऑर्डर देणारा कुणी भेटला होता का तुम्हाला?

यंदा मी चारही लावले. आणि नेमके आजच पिंपळगावचे निवृत्तीकाका दारात उभे! तुमचे द्राक्षवाले मित्र, हातात तुटलेला शाफ्ट.

"पोरी, थंड खोलीचा ब्लोअर बंद पडला गं. परदेशी जायचा माल तोडून आत भरलाय, गार हवाच नाय. बाकीचे लेथवाले उद्या देतो म्हणत्यात. उद्या काय करू, मनुके? अण्णा म्हणले व्हते, कवाबी ये."

कवाबी! असा शब्द कुणी देतं का, अण्णा? द्यायचा तुम्ही आणि निस्तरायचं मी?

तुमचे जुने कारागीर रफिकभाई लेथजवळून म्हणाले, "ताई, साहेबांचा जॉब उतरवू का? बोला लवकर." साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. "मॅडम, मशीन थांबलं की चाचणी संपली."

मला काकांकडे द्राक्षं भरणाऱ्या बायका आठवल्या. घड देठाला धरून उचलतात, मण्याला बोटसुद्धा लागू देत नाहीत. इतकं जपलेलं सगळं आज संध्याकाळपर्यंत मऊ पडणार होतं.

"उतरवा," मी म्हणाले. साहेबांनी बॅग उचलली. सरळ गाडीत जाऊन बसले.

काका नवा शाफ्ट गोणपाटात गुंडाळून घेऊन गेले. ब्लोअर सुरू झाल्याचा फोन मघाशी आला. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण ऑर्डर गेली ती गेलीच. रफिकभाईंच्या घरात दोन लग्नं काढलीत, त्यांचा पगार कुठून काढू? मला भीती वाटतेय, अण्णा. तुम्हालाही वाटायची का? कधी सांगितलं का नाहीत?

तुम्ही शब्द दिलात तेव्हा मला विचारलं नव्हतं. आज मात्र काका निघताना मीच म्हणून बसले, "पुढच्या वेळी निघण्याआधी फोन करा, मशीन मोकळं ठेवते." तोंडून गेल्यावर कळलं, काय बोलले ते. आता तो शब्द माझा झाला. पाळेन. उद्यापासून पुन्हा फिरेन, नवी ऑर्डर आणेन. पण आणेन ती तीनच लेथांची.

तुमच्यावर अजून चिडलेली तुमची लेक,
मंजू