मुनुसामीच्या अर्जातलं एक वाक्य

७ जुलै १९५९, मंगळवार

ह्यांचं विम्याचं कार्ड आज टपालाने आलं. नाव बरोबर. प्रताप राव, कंपोझिटर. वडिलांचं नाव बरोबर, प्रेसचा पत्ता बरोबर. माणूस जाऊन सात आठवडे झाले.

पोस्टमनने सही मागितली, केली. वैनीने आतून विचारलं काय आलं. म्हटलं, काही नाही.

माझा भाऊ अण्णा शाळेतून शिकवून आला तेव्हा दाखवलं. त्याने चष्मा पुसून दोनदा वाचलं. म्हणाला, "फाडून टाक, अंबा."

फाडणार नाही.

८ जुलै

एकदा क्रमाने लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल. मराठीत लिहिते. ह्या मद्रासमधल्या तिरुवल्लिकेणीच्या गल्लीत अण्णाशिवाय कुणाला वाचता यायचं नाही, आणि अण्णा दुसऱ्याची वही उघडणारा नव्हे.

प्रेसने विम्याच्या कचेरीला कामगारांची यादी पाठवली, तीत ह्यांचं इंग्रजीतलं राव जुन्या मद्रासी पद्धतीने, शेवटी डब्ल्यू. ह्यांची सही ए-ओची. पगारातून विम्याचा हप्ता दर महिन्याला बिनचूक कापला जायचा, तिथे हे डब्ल्यू कधी आड आलं नाही.

फेब्रुवारीत खोकल्यात रक्त दिसलं. विम्याच्या दवाखान्यात गेलो. कार्डांच्या खिडकीवर स्वामिनाथन नावाचा कारकून. कार्डावरचा माणूस आणि हा माणूस एकच कशावरून, म्हणाला. कंपनीची दुरुस्ती आणा. आणली. आता ही वरच्या कचेरीतून मंजूर होऊन यायला हवी. तोवर? "नाळै वांगो." उद्या या.

चार वेळा गेलो. चौथ्या वेळी हे पायरीवरच बसले. डॉक्टर दहा पावलांवर, हिरव्या पडद्याआड. खिडकीवरची चिठ्ठी असल्याशिवाय पडदा उघडत नाही. चिठ्ठी नाही म्हणून सुया नाहीत, छातीच्या इस्पितळात खाट नाही. मोठ्या सरकारी इस्पितळात गेलो तर तिथे म्हणाले, तुम्ही विमेवाले, तुमची सोय वेगळी आहे.

मे महिन्यात गेले. शेवटचे दोन दिवस बोलता येत नव्हतं, बोटांनी हवेत अक्षरं जुळवल्यासारखं करायचे.

स्वामिनाथन. इथून पुढे नुसतं स्वा. पूर्ण नाव लिहिण्याइतका मान त्याला माझ्या वहीत नाही.

११ जुलै, शनिवार

त्याला बघून आले. नुसतं बघायला गेले होते. समोर कॉफीपुडीचं दुकान आहे, त्याच्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर बसले.

कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, परीटघडीचा शर्ट. शिक्का मारण्याआधी त्यावर फुंकर घालतो. आवाज चढवत नाही. निम्म्या लोकांना परत पाठवतो आणि एकालाही वाईट बोलत नाही. शिव्या दिल्या असत्या तर कुणीतरी कधीच धरून बडवला असता.

मी खिडकीसमोरून दोनदा गेले. ओळख नाही.

१४ जुलै

आज एक बाई तिण्णैजवळ रडत उभी होती. नवरा गिरणीत, ताप तीन आठवडे, कार्डावर वय चुकलेलं, म्हणून परत. मी दुकानदाराकडून कागद मागून घेतला आणि तिथल्या तिथे इंग्रजीत अर्ज लिहिला, वरच्या कचेरीच्या साहेबांना. तारीख, वेळ, खिडकी, कारकुनाचं नाव. नाव दोनदा घातलं.

बाबांनी मॅट्रिकपर्यंत शिकवलं ते असं कामी येईल हे त्यांना ठाऊक नव्हतं. पाच महिन्यांत आज पहिल्यांदा जेवण चवीने गेलं.

२० जुलै

रोज जाते. सकाळी साडेआठ ते बारा. आज तीन अर्ज. अण्णाची जुनी कार्बनची पानं नेली, प्रत्येकाची प्रत ठेवते. प्रत्येक अर्जात त्याचं नाव.

अण्णा गप्प. वैनी गप्प नाही. विधवा बाई रस्त्यावर बसते, शेजारी विचारतात, वगैरे. मी म्हटलं, बसते त्या तिण्णैवर सावली आहे, काळजी करू नकोस.

२३ जुलै

देवीचा आडि महिना लागला. कोपऱ्यावरच्या अम्मनच्या देवळात पहाटेपासून भोंगा. त्यातच लिहिते आहे.

स्वा.ला आता कळलंय. खिडकीतून मान काढून तिण्णैकडे बघतो. मीही बघते. काल त्याने शिक्क्यावर दोनदा फुंकर घातली.

२८ जुलै, मंगळवार

मुनुसामी नावाचा माणूस आला. कूवम नदीकाठच्या झोपड्यांत राहतो, कापड रंगवायच्या कारखान्यात कामाला. पावलावर तेजाब सांडलेलं. नऊ दिवस झालेले. फडकं सोडलं तर वास. कार्डावर मुनिसामी लिहिलंय, कारखान्याच्या चिठ्ठीवर मुनुसामी. एका उकारासाठी तीन वेळा परत. अंगात ताप, डोळे लाल, धड उभं राहता येईना. बायको धरून उभी.

काय म्हणाला कारकून, विचारलं. नाळै वा म्हणाला, अम्मा. आणखी काही? नाही.

अर्ज लिहिला. लिहिता लिहिता त्याच्या पावलाकडे बघत होते आणि मला ह्यांचे पाय दिसत होते, त्या पायरीवरचे. हात थांबला नाही. लिहिलं की कारकून म्हणाला: "तुझ्यासारखा एक मेला तर रांग एकाने कमी होईल."

असं तो बोलला नाही.

मुनुसामीने अंगठा दिला. बायकोने जाताना केसातल्या मोगऱ्याच्या गजऱ्याचा तुकडा काढून माझ्यापुढे धरला, मग माझ्या कपाळाकडे बघून हात मागे घेतला. मी म्हटलं, असू दे. वहीत ठेवलाय.

३० जुलै

ते वाक्य खोडावं असं वाटलं नाही. उलट बरं वाटतंय. तो जे रोज करतो त्याचं भाषांतर आहे ते. फक्त तो स्वतः करत नाही, मी करून दिलं.

६ ऑगस्ट, गुरुवार

उत्तर आलं! सव्वीस अर्जांतून एकाच अर्जावर, मुनुसामीच्या. चौकशी होणार. वरच्या कचेरीतून साहेब येणार. मुनुसामीला त्याच दिवशी आत घेतलं, डॉक्टरांनी स्वतः पाऊल धुतलं म्हणे.

दुकानदाराने कॉफी पाजली.

१२ ऑगस्ट, बुधवार

चौकशीचे साहेब आले. तेलुगू, वयस्क, सावकाश बोलणारे. मला बसायला खुर्ची दिली. माझे सगळे अर्ज समोर, टाचलेले.

मी सगळं बोलले. ह्यांचंही. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, नाव जुळत नसेल तर परत पाठवायचं, असा नियमच आहे. तुमच्या यजमानांच्या बाबतीत त्याने नियम पाळला. ह्या पंचवीस लोकांच्या बाबतीतही पाळला. त्याबद्दल मला त्याला काही करता येत नाही."

मी विचारलं, मग कशाबद्दल येतं?

त्यांनी मुनुसामीचा अर्ज वर काढला. "आजारी माणसाला हे असं बोलणं. हे सिद्ध झालं तर नोकरी जाईल." मग म्हणाले, एक अर्ज खोटा निघाला तर बाकीचेही खोटे धरावे लागतील. आणि माझ्याकडे बघून विचारलं, "हे तो बोलला?"

म्हटलं, हो.

घरी येताना समुद्राकडून वारा सुटला होता. पायी आले. म्हणजे त्याने जे केलं त्याला शिक्षा नाही. त्याने जे केलं नाही तेवढ्यालाच आहे. ठीक. तेवढं तर तेवढं.

१४ ऑगस्ट

स्वा. तिण्णैपाशी आला. जेवणाच्या सुट्टीत, डबा हातातच. दुकानदार उठून आत गेला.

उभ्यानेच बोलला. तीन मुली आहेत, थोरलीचं ठरतंय, वगैरे. ते मी ऐकलं नाही. मग म्हणाला, रोज सकाळी डॉक्टर सांगतात, आज इतकीच माणसं आत सोड, औषधं इतकीच आहेत. बाकीच्यांना मी काय सांगू? नाव चुकलं असेल तर निदान कारण तरी असतं. कागदावर हे कुठेच नाही. डॉक्टर नाही म्हणतील.

आणि शेवटी, अगदी हळू: "अम्मा, बाकी सगळं लिहिलंत ते खरं आहे. पण ते वाक्य मी बोललो नाही."

मी म्हटलं, "माझ्या यजमानांना तुम्ही चार वेळा परत पाठवलंत. फेब्रुवारी, मार्च. प्रताप राव. प्रेसमधले."

त्याने खूप आठवून पाहिलं. खरंच प्रयत्न करत होता, ते दिसत होतं. डोळे मिटून, कपाळाला बोट लावून.

"कोण?" म्हणाला.

संपलं. माझ्या मनात तसूभर काही हललं असेल तर ते तिथेच बसलं. चार वेळा त्याच्यासमोर उभा राहिलेला माणूस. खोकताना खिडकीच्या लाकडावर ह्यांचा हात होता. कोण, म्हणे.

मी दौत बंद केली आणि म्हटलं, साहेबांना सांगा काय ते.

१६ ऑगस्ट, रविवार

अण्णाने कार्बनच्या प्रती मागितल्या. दिल्या. दुपारभर वाचत बसला, शाळेतली उत्तरपत्रिका तपासतो तसा. संध्याकाळी म्हणाला, सगळे अर्ज चांगले लिहिलेत. मग मुनुसामीचा वेगळा काढून ठेवला.

"ह्या स्वामिनाथनला असं वाक्य सुचलं असतं तर तो कारकून राहिला नसता," म्हणाला. "हे तुझं आहे, अंबा."

मी बाकीच्या प्रती उचलायला लागले, तर त्याने त्यांवर हात ठेवला.

"प्रतापला न्याय हवा होता की तुला हा माणूस हवा होता?"

म्हटलं, ह्यांना सुया हव्या होत्या, अण्णा. न्याय वगैरे ह्यांनी काही मागितलं नव्हतं. मला मात्र तो माणूस हवा आहे. लपवत नाही.

अण्णा उठून देवळाकडे गेला. जेवायला उशिरा आला, वैनीने सार पुन्हा गरम केलं.

१९ ऑगस्ट, बुधवार

साहेबांची नोटीस. परवा, शुक्रवारी दहा वाजता मुनुसामीची जबानी. त्याला एकट्याला विचारणार. दुभाषी त्यांचा.

मुनुसामीला अर्जात काय आहे ते माहीतच नाही. वाचून दाखवलं नव्हतं. कुणालाच दाखवत नाही, रांग असते.

तो नाही म्हणाला तर अर्ज खोटा. आणि एक खोटा तर सव्वीसही खोटे, साहेब तसं म्हणालेच होते. गिरणीवाल्या बाईचा, सगळ्यांचे. पुन्हा तीच खिडकी, पुन्हा तोच शिक्का, आणि ह्या वेळी तिण्णैवर बसायला मला तोंड नाही. तो हो म्हणाला तर स्वा. घरी बसेल. खिडकीवर दुसरा येईल. औषधं तितकीच असतील. हे मला कळतं. कळून काय करू? मला दुसरा नको, मला हाच हवा.

२० ऑगस्ट, गुरुवार

सकाळी कूवमकाठी गेले. वास फार. मुनुसामी दाराशी बसला होता, पाऊल पांढऱ्या पट्टीत, स्वच्छ. चालता येतं आता, काठी घेऊन. बायकोने पाट दिला, घर झाडल्यासारखं केलं.

अर्ज काढला आणि तमिळमध्ये वाचून दाखवला. पहिल्या ओळीपासून. पाऊल, तेजाब, कार्ड, तीन वेळा. तो मान हलवत होता. हो अम्मा, हो अम्मा. मग ते वाक्य. माझा आवाज बदलला का, माहीत नाही. बदलू नये म्हणून खूप जपलं.

त्याची मान थांबली. बायको त्याच्याकडे बघायला लागली.

मग म्हणाला, "असं बोलला का तो?"

मी कागद धरून बसले.

"मला त्या दिवशी ताप होता, अम्मा. काही धड आठवत नाही." मग आपणच मान हलवली. "बोलला असेल. तुम्ही लिहिलंय म्हणजे बोललाच असेल. तुम्ही कशाला खोटं लिहाल."

बायकोने स्वा.ला एक शिवी हासडली. पोटातून आलेली. इतके महिने मला कुणाच्या तरी तोंडून हीच ऐकायची होती. ऐकली, आणि गार वाटलं नाही. राग तसाच आहे, मापभरही कमी नाही. फक्त आता तो तिच्याही तोंडी आहे, आणि तिला तो मी दिला.

मुनुसामीने विचारलं, "उद्या साहेब विचारतील तेव्हा काय सांगू? तुम्ही सांगाल ते सांगतो."

त्याच वेळी त्याची शेजारीण पाणी मागायला आली, मग तिचा नवरा, मग आणखी कुणी. अर्ज लिहिणारी अम्मा आली म्हणून. एकाच्या हातात कार्ड होतं, नाव चुकलेलं. तिथेच बसून त्याचा अर्ज लिहून दिला. जे झालं तेवढंच लिहिलं, वाचून दाखवलं, मग अंगठा घेतला. तोवर अकरा वाजले आणि मुनुसामीला पट्टी बदलायला दवाखान्यात जायचं होतं.

स्वा.वर मला दया येत नाही. यावी असंही वाटत नाही. हे इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढे कधी मी मोठी भली होते असं मलाच वाटायला नको.

अण्णाने आता दारातून विचारलं, उद्या मी बरोबर येऊ का. म्हटलं, ये.

जबानी दहाला. मुनुसामी आठलाच येऊन फाटकाशी उभा राहील, धुतलेली वेष्टी नेसून, आणि मला बघितलं की विचारेल, काय सांगू.