दोघांतलं एक

४ फेब्रुवारी, मंगळवार

एकच! औषधाला मदत करणाऱ्या संस्थेच्या ताई आज व्यायामाच्या खोलीत आल्या आणि उभ्या उभ्याच सांगून गेल्या — या वर्षी औषधाचा खर्च एकाच मुलाचा उचलता येईल. कोणाचा, ते डॉक्टरांची समिती ठरवणार. म्हणजे आमची ठकी, नाहीतर फौजदार — सगळ्यांना दम भरतो म्हणून त्या पोराला पडलेलं नाव. या आजाराची मुलं अख्ख्या शहरात ही दोनच. जन्मतःच जनुकात खोट, स्नायू हळूहळू विरत जातात. औषध मिळालं तर विरणं थांबतं. गेलेलं परत येत नाही, पण थांबतं!

फौजदाराची आई गादीच्या पलीकडे बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मीही नाही.

५ फेब्रुवारी

एका गिऱ्हाइकाच्या शर्टाच्या बाह्या उलट्या लावल्या. उसवत बसलो.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

बायको म्हणते, "दुकानात येरझारा घालून काय होणार? आहे ते गिऱ्हाईक पळेल." हिचं बरं आहे. ऑफिसात गेली की कामात डोकं खुपसता येतं. मी मशीनवर बसतो, पाय चालतो, डोकं भलतीकडेच. ठकी शेजारी कापडाच्या ढिगात टेकून. मान डुगडुगते, पण कात्री वाजली की खुदकन हसते. अडीच वर्षांची पोर. तिला काय ठाऊक!

११ फेब्रुवारी, मंगळवार

व्यायाम. फौजदाराने आज व्यायामवाल्या बाईंनाच दम भरला — "पाय सोडा! माझा आहे!" सगळे हसले. वय पाच, बोलणं पन्नाशीचं. बसायला मात्र त्याला आता दोन्हीकडून आधार लागतो. मागच्या महिन्यात एकीकडूनच लागायचा. ते पाहिलं आणि मनात आलं — याला उशीर झालाय, याला नाही देणार.

आणि बरं वाटलं! मला!

घरी येताना ठकीला इतकं घट्ट धरलं की ती रडायला लागली.

१३ फेब्रुवारी

फौजदाराची आई त्याला घेऊन दुकानात. "भाऊ, ठकीच्या मानेला शिवलाय तसला पट्टा याला शिवाल का?" नाही कसं म्हणणार? माप घेताना फौजदार म्हणाला, "खिसा पाहिजे."

"मानेला खिसा?"

"शिट्टी ठेवायला."

ती हसली. हसता हसताच उठून बाहेर गेली. परत आली तेव्हा डोळे लाल. "तुम्हालाही झोप नाही ना?" म्हणाली. मी म्हटलं, "नाही." तेवढ्यानेच जरा हलकं वाटलं. का, कोण जाणे.

१४ फेब्रुवारी

खिसा शिवला. आतून मऊ अस्तर लावून.

१७ फेब्रुवारी, सोमवार

फोन वाजला की ताईंचाच वाटतो, मशीन सोडून धावतो. सकाळी कापडवाला. मग बायको — "आला का?" "आला की सांगेन ना!" उगाच खेकसलो. बिचारीने फोन ठेवला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आला फोन. ठकी!

फौजदाराची आई पट्टा न्यायला आलेली, समोरच स्टुलावर. ठकी तिच्याच मांडीवर, तिच्याच हातून जेवत होती. मी "हो ताई, हो ताई" एवढंच बोललो आणि पाठ फिरवून उभा राहिलो.

"भाऊ," ती मागून म्हणाली. वळलो. चमचा ठकीच्या तोंडाशी तसाच. हात जराही हलत नव्हता.

"आधी हिचं जेवण होऊ द्या. मग सांगा."