नदीत आडव्या पडलेल्या वाळुंजाबाबत

प्रति,
मा. परवानगी अधिकारी,
नदीपात्र व वृक्ष कार्यालय,
पहिला मजला, जिन्याच्या डावीकडे.

विषय : नदीत आडवे पडलेले वाळुंजाचे झाड कापून काढण्यास परवानगी मिळणेबाबत (अर्ज तिसरा).

संदर्भ : १) सदर झाडास हात लावू नये, असे आपले पत्र.
२) सदर झाड तात्काळ काढून घ्यावे, अशी आपलीच नोटीस.

महोदय,

सविनय निवेदन की, वरील दोन्ही कागद पोस्टमनने एकाच वेळी हातात दिले. दोन्हींवर सही आपलीच असल्याने दोन्ही आज्ञा मला सारख्याच शिरसावंद्य आहेत. परंतु एक पाळली की दुसरी मोडते, म्हणून पुन्हा त्रास देत आहे. क्षमा असावी.

१. मागच्या वादळात आमच्या घरामागचे वाळुंजाचे झाड कलंडून नदीत आडवे पडले. नदी तिथे अरुंद असल्याने शेंडा पलीकडच्या काठाला टेकला. फांद्यांत ओंडके, गवत आणि कोणाची तरी मोडकी खुर्ची अडकून पाणी तुंबले व आमच्या मागच्या खोलीत शिरले. त्या खोलीत माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत. पुढच्या खोलीत माझ्या यजमानांचे सुतारकाम चालते, तिथल्या भुशाने सासूबाईंना दम लागतो, म्हणून त्यांना तिकडे हलवता येत नाही. पाणी वाढले की आम्ही त्यांच्या पलंगाखाली विटा वाढवतो. परवा त्या म्हणाल्या, "अगं, आणखी एक थर लाव, म्हणजे मला न्यायला देवाला खाली उतरायला नको. मीच हात वर करीन." त्या हसत म्हणाल्या, पण त्यांचा हात माझ्या हातात होता आणि तो गार होता. महिनाअखेरीस वरच्या धरणातून पाणी सोडणार, अशी आपल्याच फलकावर सूचना आहे. मग विटांनी भागणार नाही.

२. यजमान सांगतात, झाड कापणे अर्ध्या दिवसाचे काम आहे. करवतीला धार लावून ती त्यांनी खुंटीला टांगली आहे व येता-जाता तिच्याकडे आणि माझ्याकडे बघतात. परवानगीशिवाय हात लावायचा नाही, असे मीच त्यांना बजावले आहे.

३. पहिल्या अर्जानंतर पाहणीचे साहेब आले, त्याबद्दल आभारी आहे. मात्र ते गुरुवारी आले. गुरुवारी माझे मौन असते. साहेबांनी विचारले, "झाड मेलंय का?" मी मान हलवून नाही म्हटले. "पाणी कोण घालतं?" मी स्वतःकडे बोट दाखवले. याचा खुलासा असा : सकाळी स्नान झाल्यावर या झाडाच्या मुळाशी तांब्याभर पाणी घातल्याशिवाय मी तोंडात पाणी घेत नाही. सून म्हणून आले तेव्हापासूनचा नेम आहे. झाड उभे असेपर्यंतच पाणी घालीन, असे मी देवाला सांगितले नव्हते. आतून सासूबाई ओरडत होत्या, "अहो साहेब, ती आज बोलायची नाही, मला विचारा." साहेबांना ते आमचे घरातले भांडण वाटले असावे, ते आत आले नाहीत. "काही तक्रार?" असे त्यांनी निघताना विचारले, तेव्हा मी हात जोडले.

अहवालात पुढीलप्रमाणे नोंद झाली : वृक्ष जिवंत आहे, त्याचे संगोपन अर्जदार करते, अर्जदाराची तक्रार नाही. वृक्ष जिवंत, म्हणून पहिले पत्र. संगोपन माझे, म्हणजे नदी अडवणारे झाडही माझे, म्हणून ती नोटीस. यजमान म्हणाले, "तुझ्या पाण्यावर जगलंय ना, मग तूच त्याला सांग, बाबा रे, जरा बाजूला सरक."

४. मी कार्यालयात आले. आपल्या कारकून भाऊंनी बसायला खुर्ची दिली व फार आपुलकीने मार्ग सुचवला, "बाई, पाणी घालणं थांबवा. महिन्याभरात वाळेल. मेलेल्या झाडाचा फॉर्म एकाच पानाचा आहे." झाड नदीतच पडलेले आहे, हे मी हळूच त्यांच्या लक्षात आणून दिले. त्यांनी चहा संपवला आणि मग म्हणाले, "असं करा, मेलंय म्हणून लिहून द्या. कोण बघायला येतंय?" महोदय, खोटे न बोलण्याचाही माझा नेम आहे. त्यात लिहिणेही आले, असे मी धरते. म्हणून दुसऱ्या अर्जात खरे तेच लिहिले व पुरावा म्हणून त्याच झाडाची हिरवी फांदी टाचणीने जोडली.

५. त्यावर कळवण्यात आले की, जिवंत वृक्ष तोडायचा तर आधी त्याच जातीचे, मूळ धरलेले रोप हजर करावे. रोपवाटिकेत चौकशी केली. वाळुंज कोणी विकत घेत नाही, म्हणून ते ठेवत नाहीत. त्या दिवशी घरी येऊन मी देवापुढे बसले, पण काय मागावे हेच सुचेना.

काल आपले शिपाईदादा आमच्या दारावरून जाताना थांबले व म्हणाले, "ताई, तुमच्या अर्जाची फांदी. फाईल ओली व्हायला लागली म्हणून भाऊंनी ती काढून काचेच्या पेल्यात ठेवली होती. तिला मुळं फुटलीत." मी दोनदा विचारून खात्री केली. सासूबाईंना सांगितले तर म्हणाल्या, "बघ, तिथं काहीतरी वाढतंय म्हणजे."

तरी नम्र विनंती की :

अ) आपल्या कार्यालयात पेल्यात असलेले सदर रोप नियमाप्रमाणे हजर झाले, असे मानावे.
ब) झाड कापण्याची परवानगी महिनाअखेरच्या आत द्यावी. यजमान त्याच दिवशी काम उरकतील.
क) ते रोप मला द्यावे. मी ते काठापासून दूर, उंचावर लावीन व माझा तांब्या त्याच्याकडे वळवीन. नेम झाडाचा आहे, ते आडवेच असले पाहिजे असे नाही. सासूबाईंनीही याला होकार दिला आहे. पलंग खाली उतरला की खिडकीतून त्यांना ते दिसेल.

मी गुरुवार सोडून कधीही येईन. तोपर्यंत पेल्यातले पाणी रोज सकाळी बदलावे. चहाच्या आधी बदलले तर विसरायला होत नाही, हे अनुभवाने सांगते. आपल्या कार्यालयाला एवढा एक नेम जड जाणार नाही, असा विश्वास आहे.

आपल्या सहीची वाट पाहणारी,
आपली नम्र,
(सही)
सुताराच्या घरची सून, नदीकाठचे शेवटचे घर

दिनांक : आजचा, बुधवार

सोबत : १) आपले पत्र. २) आपली नोटीस. ३) फांदी आपल्याकडेच आहे.