सुनीताचा पू देशोदेशी

९ फेब्रु. २००४, सोमवार. हिंगोली
आज पुन्हा तेच. डॉ. आले, माझ्या पोरीच्या, सुनीताच्या पोटावरची पट्टी उचलली, नाक मुरडलं अन् म्हणाले, इंजेक्शन बदलून पाहू. हे तिसरं. पहिली दोन काहून दिली मग? विचारलं तर म्हणतात, "आजी, तुम्हाला नाही कळायचं." नात झाली म्हणून काय साऱ्या दवाखान्याची आजी झाले मी?
सुनीताचं शिजर होऊन पंधरवडा उलटला. टाके वाहतेत. ताप हटंना. लेकरू वरच्या दुधावर.

१० फेब्रु.
पुण्याहून एक पोरगी आली, पांढरा कोट घालून. म्हणे नमुना पाहिजे. मला वाटलं कोणता तरी सरकारी नमुना भरायचा, म्हणून रेशनकार्ड काढून धरलं. हसली. नमुना म्हंजे पू! कापसाची काडी जखमेत फिरवली, नळीत घातली. सु. कण्हली.
म्हणे, "मावशी, असे नमुने आम्ही बऱ्याच देशांत घेतो. कुठं कोणत्या औषधानं जंतू मरेनासे झालेत ते बघतो."
म्हटलं, हिचा जंतू कशानं मरतो?
"तपासल्यावर कळेल."
इतक्या दिवसांत एक जण तरी बराबर बोललं. मी सही दिली. चौथीपर्यंत शिकले, अंगठा नव्हं.

१२ फेब्रु.
नमुन्याचं काही कळालं न्हाई. ताप तसाच.
सु.ची सासू भेटायला आली. बसल्याबरोबर, "हळद भरा जखमेत, आमच्यात तेच करतेत." म्हटलं, विहीणबाई, हळदीनं भागलं असतं तर मोंढ्यातला हळदीची पोती उचलणारा हमालच बोलावला असता, डॉ. कशाला? फुगून बसली. बसू दे.
आमचे हे, सु.चे बाप, डॉ. दिसले की हात जोडून राहिले. देवळात आले काय!

१४ फेब्रु., शनिवार
पोरीनं नंबर दिला होता. एस्टीडीवरून पुण्याला लावला. तिचे साहेब बोलले. नमुना पोचला म्हणे, तपासणी चालू हाय. म्हटलं, मग औषधाचं नाव सांगा. तर म्हणे, आम्ही पेशंटची नावं ठेवत नाही, नंबर टाकतो. साऱ्या देशांचं एकत्र करून मग छापणार.
कधी?
"पुढच्या वर्षी."
पुढच्या वर्षी!
वर म्हणतो, "बाई, समजून घ्या. हा तपास पेशंटसाठी नाही, देशासाठी आहे."
म्हटलं, देशाला ताप आला का?
फोन ठेवला त्यानं. बूथवाला तोंड दाबून हसून राहिला. त्यालाबी सुनावलं.

१६ फेब्रु.
खालचे दोन टाके उसवले. सु. रडली न्हाई, तेच मला बरं वाटंना. नुसती विचारती, "आई, पोरगी माझा वास ओळखंल का गं?" काय बी विचारती. म्हटलं गप पड.
डॉ. म्हणाले, तिसऱ्यानंही फरक नाही. गुरुवारी चौथं सुरू करू. म्हटलं, हे लागू पडंल कशावरून? "अनुभवावरून." अनुभव तीनदा पाहिला मी. नांदेडला नेते म्हटलं तर म्हणतात, रस्त्यात काही झालं तर आमच्यावर नाही.

दुपारी पुण्याची पोरगी पुन्हा आली, पलीकडच्या खाटेवरच्या बाईचा पू घ्यायला. मी तिचा हातच धरला, औषधाचं नाव सांग म्हटलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मावशी, आम्हाला सांगायची परवानगी नाही."
म्हटलं, मला नको सांगू. डॉ.ला सांग. चिठ्ठीवर लिही. भिंतीवर लिही. देशाचं तुमी पुढच्या वर्षी करा, त्याचे काही टाके उसवले न्हाईत. पण सुनीताचा जंतू कोणत्या औषधानं मरतो, ते गुरुवारी डॉ. सुई भरायच्या आत मला कळालं पाहिजे.
"साहेबांना विचारून बघते."
बघते न्हाई. गुरुवार.